अंगावरचा टाका

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. "सकाळी कोण येऊन गेलं?" असं विचारलं तर म्हणायचे, "अरे तो, चाळीस छाती, डावा खांदा अर्ध्या इंचानं उतरलेला." आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढेही तो माणूस लगेच उभा राहायचा, आता बोला.

मास्तर धंद्यानं शिंपी. बाप शिंपी, आजाही शिंपी. गळ्यात टेप कायम लोंबत असायचा, पण तो आपला शोभेला. माप घ्यायचं ते डोळ्यानं. परमुलखात आले ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या शिवणखोलीत. ही खोली तळघरात होती, शेजारी धुलाईचा विभाग. तिकडची वाफ भिंतीतून झिरपायची आणि भर थंडीतही मास्तरांची बनियन पाठीला चिकटायची. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, नर्सबायांचे युनिफॉर्म, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पेशंटच्या झग्यांचे तुटलेले बंद. दिवसाला दीडशे बंद. "मी शिंपी कसला," मास्तर म्हणायचे, "मी नाडीवैद्य."

त्यांच्या डोळ्याची ख्याती तळघरातून सातव्या मजल्यापर्यंत गेली होती ती एका पँटमुळे. स्टोअरचे मोठे साहेब स्वतःची कंबर छत्तीस सांगायचे. वीस वर्षांपूर्वी असेल छत्तीस, नाही कोण म्हणतो. पण नवी पँट आली की साहेब श्वास रोखून फिरायचे आणि कपडे पुरवणाऱ्याला शिव्या द्यायचे. एकदा पँट मास्तरांकडे आली. मास्तरांनी साहेबांकडे एकदाच पाहिलं, गुपचूप एकोणचाळीसची पँट शिवली आणि आत छत्तीसची चिठ्ठी शिवून टाकली. साहेबांनी ती घातली, दोन जिने चढून पाहिले, आणि खाली येऊन मास्तरांचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर छत्तीस शिवली होती.

मास्तरांच्या खोलीत दुसरी खाट होती वायरमनची. हाही हॉस्पिटलातच, दिवे आणि लिफ्ट बघायचा. जीभ अशी की बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालासुद्धा हसवील. शेजारच्या खोलीत आचारी. हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यात रोज हजार माणसांचं बिनमिठाचं शिजवून शिजवून त्याचा जीव आंबला होता, त्यामुळे खोलीवर स्वतःसाठी रांधायचा तेव्हा साऱ्या हजार जणांचं मीठमसाला एका पातेल्यात घालायचा. आणि अंगणापलीकडच्या इमारतीत राहायच्या त्या सिस्टर, वॉर्डातल्या जुन्या नर्स, वीस वर्षं घराबाहेर. चौघांची भाषा एक, गावं चार.

चौघांत नाताळ एकट्या मास्तरांचा. पण परमुलखात सण कुणाचा हे कोण विचारत बसतं? वर्षातून एकदा चौघांनाही घरच्यासारखं जेवायचं असायचं, आणि त्याला निमित्त म्हणून मास्तरांचा नाताळ पुरायचा. वायरमन महिनाभर आधी लिफ्टच्या जुन्या पॅनेलांतले लाल-हिरवे दिवे जमवून खिडकीत चांदणी टांगायचा. तिच्यातला एक दिवा दर वर्षी 'आत माणूस अडकला आहे' सांगणारा असायचा आणि तोच सगळ्यात छान लुकलुकायचा.

आता मास्तरांच्या घरच्या नाताळातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. अंगावरच्या कपड्याला सुई लावू नये असं सगळे लोक म्हणतात. मास्तरांच्या घरात नेमकं उलटं. पोराचा सणाचा कपडा शिवून पूर्ण करायचाच नाही. खालच्या घेराची दुमड बोटभर उघडी ठेवायची, आणि नाताळच्या सकाळी कपडा पोराच्या अंगावर घालून, चर्चला निघायच्या आधी बापानं गुडघ्यावर बसून तो शेवटचा टाका घालायचा. तोवर पोरानं दोऱ्याचा एक तुकडा दातांत धरायचा, बोलायचं नाही, हसायचं नाही. आजानं हे का सुरू केलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणायचे, वर्षातून एकदा तरी पोरगं गप्प उभं राहावं म्हणून केलं असेल.

मास्तरांना एकच लेक. जन्मली तेव्हा इतकीशी, गोल, आखूड, म्हणून घरात नाव पडलं ठमी. मास्तर निघाले तेव्हा ठमी नऊ वर्षांची होती आणि त्यांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाला लागत होती.

पहिल्या वर्षी नाताळ जवळ आला तसं बायकोनं फोनवर विचारलं, "अहो, माप पाठवू का?"

मास्तरांना हसू आलं. "अगं, माझ्या लेकीचं माप तू मला सांगणार? मग मी शिंपी कशाला झालो?"

बायकोची आणि सुईची ओळख कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. लग्नाच्या नव्या नवलाईत तिनं मास्तरांच्या शर्टाला हौसेनं बटण लावून दिलं होतं, शर्ट अंगात असतानाच. बटण इतकं पक्कं की शर्ट आणि आतली बनियन दोन्ही एकत्र शिवली गेली. रात्री मास्तरांना दोन्ही मिळून डोक्यावरून ओढून काढावं लागलं. त्यानंतर बायकोनं घरातल्या मशीनकडे वाकड्या डोळ्यानंही पाहिलं नाही. अशा बाईनं घेतलेलं माप कोण धरणार?

बापाचा हिशेब मास्तरांना पाठ होता. पोर वर्षाला दीड इंच वाढतं, खांदा अर्धा इंच, घेर अंदाजानं. त्या हिशेबानं दर नाताळला एक फ्रॉक जायचा. कुणी ना कुणी रजेवर निघालेलं असायचंच. फ्रॉकच्या उघड्या दुमडीत मास्तर सुई खोचून ठेवायचे, त्याच रंगाचा दोरा ओवून. तेवढा एक टाका बायकोनं घालायचा. मग नाताळच्या दिवशी फोटो यायचा. ठमी खुर्चीत बसलेली, फ्रॉकला खाली लेस लावलेली. लेस मास्तरांची नव्हे. "हौस आहे तिच्या आईला," मास्तर फोटो सगळ्यांना फिरवून दाखवायचे. "पण बसलाय बघा कसा. माप न घेता."

असे पाच फ्रॉक गेले. मास्तर मात्र जाऊ शकले नाहीत. दोन वर्षांनी रजा असा करार होता. पहिली रजा आली तेव्हा ठेकेदार बदलला आणि नोकरी पहिल्यापासून मोजायला लागले. दुसरी आली तेव्हा साथ आली, विमानं बंद. विमानं सुरू झाली तेव्हा शिवणखोलीतले दोघे निघून गेलेले, उरलेल्या एकट्या मास्तरांना सोडणार कोण? आता जून महिन्याचं वचन होतं.

सहाव्या नाताळचा फ्रॉक मास्तरांनी दसपटीनं जीव ओतून शिवला. कारण या वर्षी ठमी चर्चमध्ये शास्त्रवाचन करणार होती. पंधरा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदाच. सगळ्या मंडळीसमोर, पुढे एकटी उभी राहून. त्या पाच मिनिटांत गावातला प्रत्येक माणूस मास्तरांच्या लेकीकडे बघणार, आणि तिच्या अंगावर बापाच्या हातचं कापड असणार. परमुलखात बसून बापानं आणखी दुसरं काय करायचं?

बायको म्हणाली, "तिच्या वयाच्या मुली आता फ्रॉक घालत नाहीत हो."

"माझी घालते," मास्तर म्हणाले.

फिकट निळं कापड आणलं. गळा तीनदा कापला, कागदावर दोनदा आणि कापडावर एकदा. कॉलर इतकी बारीक टिपेची की वायरमननं ती दिव्याखाली धरून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, ही पोरीसाठी आहे का राणीसाठी?" रजेवर तोच निघाला होता. फ्रॉक त्याच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला गेला, त्याच्यावर काहीही न ठेवण्याची शपथ घालून.

वायरमन नाताळच्या तीन दिवस आधी परत आला. मास्तरांनी त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"दिलास?"

"दिला की."

"भेटली ठमी?"

"भेटली. चहा तिनंच केला. अभ्यासात हुशार आहे हो."

"ते राहू दे. केवढी झालीय?"

वायरमननं हात पुढे केला, जमिनीपासून उंची दाखवायला. हात हवेत थोडा वर गेला, मग तिथंच घुटमळला, मग डोकं खाजवायला निघून गेला. "बरी झालीय की. चांगली आहे," तो म्हणाला, आणि बॅगेची चेन उघडायला लागला. ती बॅग त्या दिवशी त्यानं तीन वेळा आवरली. एरवी त्याची बॅग महिना महिना तशीच पडून असायची. मास्तरांना वाटलं, घर सोडून आलाय, मन लागत नसेल.

नाताळच्या दिवसाची सकाळची पाळी मास्तरांनी चार रविवार दुसऱ्यांचं काम करून सोडवून घेतली होती. इथलं घड्याळ घरच्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे घरी आठ वाजता मंडळी चर्चला निघायच्या तयारीत, तेव्हा इथं साडेदहा. आचाऱ्यानं दाराबाहेरच्या शेगडीवर मटण चढवलं होतं आणि दर पाच मिनिटांनी मसाला कमी पडलाय असं जाहीर करत होता. सिस्टर पाळी संपवून सरळ इकडेच आल्या होत्या, पाय सुजलेले, म्हणून खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी केक आणला होता. तो वाटेत कुणाच्या तरी कोपरानं एका बाजूनं दबला होता. "एका अंगावर झोपलाय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. या वर्षी त्यांनी मनाशी एक बेत केला होता. शेवटचा टाका स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. हात पोहोचत नाही, नजर तर पोहोचेल.

फोन लागला. बायकोचा चेहरा आला, केसांत फूल, घाईत. मागे ठमीचा चेहरा. सगळ्यांनी एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. आचाऱ्यानं उलथनं हलवलं.

"अगं, टाका घातलास का?" मास्तरांनी विचारलं.

"घातला हो, कालच घातला."

"काल? अंगावर घालायचा असतो ना तो, आज."

"म्हणजे अंगावरच घातला, काल. आज घाई होईल म्हणून."

"मग उसव आणि परत घाल. एकच तर टाका. मला बघायचंय."

"उपासनेला उशीर होईल अहो."

"पहिली घंटा तरी झालीय का?"

घंटा झाली नव्हती. वायरमन एकदम उठला. "मास्तर, फोनची बॅटरी उतरलेली दिसतेय, मी चार्जर बघतो. आधी ठेवून द्या, नंतर लावू."

"ऐंशी टक्के आहे रे," मास्तर म्हणाले.

"ऐंशी दाखवतो, पण आतून नसते. मी वायरमन आहे, मला विचारा."

"गप बस. सगळ्यांना दाखवतो, बघा आमच्या घरची पद्धत. अगं, फोन खाली धर जरा, घेराजवळ."

बायकोनं फोन उलट आणखी वर धरला. मग ठमीचा आवाज आला, शांत, जरा जाड झालेला. "आई, दाखव ना. किती वर्षं लपवायचं?"

फोन हलला. छत दिसलं, भिंत दिसली, मग निळं कापड. बायकोच्या बोटांनी फ्रॉकची दुमड उलटी केली, आणि मास्तरांना कपड्याची आतली बाजू दिसली.

शिंप्याला कपडा बाहेरून काही सांगत नाही, आतून सगळं सांगतो. मास्तरांची दोन बोटांची दुमड पूर्ण उसवून खाली सोडली होती. ती पुरली नव्हती. तिच्या खाली चार बोटांची पट्टी जोडली होती, निळीच, पण आपल्या निळ्यापेक्षा एक छटा गडद. सांध्यावर बाहेरून लेस. फोटोंतली तीच लेस.

आचारी उलथनं हातात धरून दारात उभा.

"फोन वर घे," मास्तर म्हणाले. "बाजूची शिवण दाखव."

बाजू उघडून दोन्हीकडे पाचरीसारखे तुकडे घातले होते. बाह्या मुंढ्यातून पूर्ण काढून, मुंढा मोठा करून परत लावल्या होत्या. पाठ मधोमध कापून रुंद केली होती.

"यात माझं काय उरलंय गं?"

"गळा," बायको म्हणाली. "गळा तुमचाच आहे. गळ्याला हात नाही लावला."

"कुणी केलं?"

"चुकलं का कुठे?"

"कुणाकडून करून घेतलंस, ते विचारतोय."

"कुणाकडून नाही. मी केलं."

मास्तरांनी तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन हातात घेतला. ज्या बाईनं शर्टाबरोबर बनियन शिवली होती, तिनं मुंढा उसवून बाही लावली होती. बाही लावणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःला बापाच्या हाताखाली दोन वर्षं लागली होती.

"कधीपासून?"

"पहिला फ्रॉक बसला होता हो," बायको भराभर म्हणाली, जणू तेवढं तरी कानावर घालायला हवं. "दुसऱ्या वर्षी आला तो खांद्यातून खाली उतरेना. ही रडायला लागली. तुमचा फोन यायचा होता. तुम्ही तेव्हा नीट जेवत नव्हता, आचारीभाऊ मला सांगायचे. मग मशीनवरचं कापड काढलं आणि बसले. त्या वेळी नुसती बाजू सोडवली. वेडीवाकडी. म्हणून खुर्चीत बसवून फोटो काढला."

"मला सांगायचं."

"काय सांगू? तुम्हाला तुमच्या लेकीचं माप चुकलं म्हणून सांगू?"

मास्तरांना स्टोअरच्या साहेबांची पँट आठवली. दोन जिने चढून आलेले साहेब, त्यांचं ते लालबुंद, समाधानी तोंड. आतली छत्तीसची चिठ्ठी. इतकी वर्षं आपणही असेच जिने चढत होतो आणि सगळ्यांना कंबर दाखवत होतो.

बापाचा हिशेब चुकला नव्हता. पण बाप ज्यांचे कपडे शिवायचा ती पोरं त्याच्या दुकानासमोरून रोज शाळेत जायची. दीड इंच धरला आणि पोर तीन इंच वाढलं तर बापाला ते उंबऱ्यावरून दिसायचं, कात्री लावायच्या आधीच. मास्तरांकडे फोन होता. फोनमध्ये माणसाचा चेहरा दिसतो. हसू दिसतं, पडलेला दात दिसतो, नवा आलेला दिसतो. उंची दिसत नाही. रोज संध्याकाळी ते लेकीशी बोलत होते आणि ती रोज त्याच चौकटीत मावत होती.

"दोरा जाड घेतलास," मास्तर म्हणाले. "या कापडाला साठ नंबरचा हवा."

"मिळाला नाही."

"बाही बरी लावलीस. चुण्या नाही आल्या."

"तुमच्या जुन्या शर्टाची बाही उसवून बघितली आधी. मग कळलं."

सिस्टरनी खाटेवरून पाय खाली घेतले आणि रुमालाचं टोक नाकाला लावलं. वायरमन चांदणीची वायर तपासत होता, जिला काहीही झालं नव्हतं.

"घाल आता टाका," मास्तर म्हणाले. "ठमे, दोरा धर दातांत."

ठमीनं दोरा दातांत धरला. आई गुडघ्यावर बसली, कालचा टाका उसवला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे मास्तरांना दोघी दिसत होत्या, एकीचा वाकलेला माथा आणि दुसरीचे बंद ओठ. सुई आत गेली, बाहेर आली. बायकोनं गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला, अगदी मास्तर तोडायचे तसा, मान डावीकडे करून.

"आता माप सांग," मास्तर म्हणाले. वहीचं पान फाडून पेन घेतलं.

"आत्ता?"

"आत्ता. खांद्यापासून."

बायको माप घेत गेली, ठमी आकडे वाचत गेली. खांदा, छाती, कंबर, बाही. मास्तर लिहीत गेले. हे आकडे लहान मुलीचे नव्हते. ज्या माणसानं हजारो बायाबापड्यांची मापं डोळ्यांची पापणी न हलवता घेतली, त्याला आपल्या लेकीची कंबर लिहिताना खाली बघावं लागलं.

"उंची?"

तिकडे खाली वाकून टेप पायाशी धरल्याचा आवाज. मग ठमी म्हणाली, "पप्पा, टेप संपला."

शिंप्याचा टेप साठ इंचांचा.

"टेप संपला तिथं बोट ठेवा, आणि वरचं मोजा."

"चार," ठमी म्हणाली. "साठ आणि चार."

पहिली घंटा झाली. फोनमधून ती इथल्या खोलीतही ऐकू आली. "जाते पप्पा. वाचन झालं की फोन करते." निळं कापड सरकलं, छत दिसलं, आणि फोन बंद झाला.

मास्तर उठले. खिशात खडू असायचाच. खोलीचं दार आतून लावलं, गळ्यातला टेप काढला, एक टोक जमिनीला पायाखाली धरलं आणि दारावर वर नेला. टेप संपला. तिथं बोट ठेवलं. वर चार इंच मोजून आडवी रेघ मारली. मग टेप सोडून ते त्या रेघेसमोर उभे राहिले. रेघ त्यांच्या भुवयांना लागत होती.

त्यांनी हात खाली नेऊन शर्टाचं तिसरं बटण चाचपलं. मग हात परत रेघेपर्यंत वर नेला. मधली जागा दाराची होती, नुसतं लाकूड, एका बाजूला रंग उडालेला.

"भिंतीवर लिहायचं नाही अशी पाटी आहे," वायरमन म्हणाला, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. "पण दाराबद्दल काही लिहिलेलं नाही."

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"वहिनींनी शपथ घातली होती. मी हात वर केला होता मास्तर तुम्हाला दाखवायला. पुढे नेववेना."

सिस्टर जवळ आल्या. वीस वर्षं त्यांनी लोकांची समजूत घालण्यात घालवली होती, ती सवय अशी तशी सुटत नाही. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. मुली या वयानंतर फारशा वाढत नाहीत. आता ती एवढीच राहील. पुढच्या नाताळचा फ्रॉक बघा, अगदी बरोबर बसेल."

मास्तरांनी मान हलवली. सिस्टर म्हणत होत्या ते खरं होतं, त्यात वाद नव्हता.

"म्हणजे वाढून झाली," ते म्हणाले.

सिस्टरना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्यांनी मास्तरांच्या बाहीला नुसता हात लावला आणि ताटं मांडायला वळल्या.

जेवण झालं. सण मास्तरांचा म्हणून वाढपी मास्तरच, त्यात खंड पडला नाही. आचाऱ्याला त्यांनी रस्सा पहिल्यांदाच बेताचा झालाय असं सांगितलं. खरं म्हणजे मिठाचा खडा होता, पण आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला ते तिखटावर ढकलायचं होतं. दबलेला केक चांगल्या बाजूकडून कापला. मास्तर दाराकडे तोंड करून बसले होते. एरवी ते खिडकीकडे तोंड करून बसत.

दुपारी ठमीचा फोन आला. वाचन चांगलं झालं होतं, एकदाही अडखळली नव्हती.

"बायका विचारत होत्या फ्रॉक कुणी शिवला," ती म्हणाली.

"मग?"

"पप्पांनी, म्हणून सांगितलं."

"गळा माझा," मास्तर म्हणाले. "बाकीचा तुझ्या आईचा. पुन्हा कुणी विचारलं तर तसं सांग, बाळा."

"सांगते," ठमी हळूच म्हणाली. बापानं आपल्याला ठमी म्हटलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं.

दुसऱ्या दिवशी तळघरात नेहमीसारखी वाफ होती आणि झग्यांचा ढीग होता. दुपारच्या सुमाराला वायरमन चौथ्या मजल्यावरच्या एका नव्या वॉर्डबॉयला घेऊन आला. नवा माणूस आला की त्याला मास्तरांसमोर उभं करायचं आणि चहाची पैज लावायची, हा त्याचा ठरलेला खेळ. आज तर त्याला मास्तरांना मुद्दाम हसवायचं होतं.

"मास्तर, बोला," वायरमन म्हणाला. "कंबर किती? याचं म्हणणं आहे, बघून कुणाला सांगता येणार नाही."

मास्तरांनी मशीन थांबवली. चष्म्यावरून त्या माणसाकडे पाहिलं. चौतीस, पोट सैल सोडलं तर पस्तीस, उजवा पाय किंचित आखूड. सगळं जिथल्या तिथं दिसत होतं.

ते उठले, गळ्यातला टेप काढला आणि त्याचं टोक अंगठ्याखाली धरलं.

"हात वर कर जरा," ते म्हणाले. "माप घेतो."